शून्य चुका

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : शून्य चुका. प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगुणा दाभाडे मात्र खुर्चीतून उठल्या आणि येरझाऱ्या घालू लागल्या.

त्या तिथल्या संकलकाच्या प्रमुख होत्या. माणसाने माणसाच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा दुभाष्या म्हणजे संकलक. आज्ञा कळली नाही तर त्याने तिथेच अडून बसायचं आणि ओरडायचं, ‘प्राणघाती चूक!’ मग झालेलं सगळं काम फेकून द्यायचं. अर्धवट समजलेली आज्ञा यंत्राच्या हाती देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं, हा त्याचा धर्म.

पण आज ‘टिटवी’ यानाच्या उतरणीच्या चार हजार ओळी त्याने एका दमात गिळल्या होत्या. टिटवी चंद्राची माती घेऊन परत येत होती. साडेतीन तासांनी तिने आपला वेग मोडायचा होता. तो मोडला नाही, तर पृथ्वीला वळसा घालून ती बाहेरच्या काळोखात निघून जाणार, पुन्हा कधीही न येण्यासाठी. आत एकटी बाई होती, मातीची तज्ज्ञ. इरावती. सगुणाताईंची सून.

“पहिल्याच फेरीत शून्य?” त्या संचालक निरगुडकरांना म्हणाल्या. “तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईचं मीठसुद्धा एखाद्या दिवशी चुकतं, निरगुडकर. आणि ह्या चार हजार ओळी लिहिणारी पोरं कालपर्यंत एकमेकांशी भांडत होती.”

त्या बसल्या आणि संकलकापुढे भाकरीची कृती टाइप केली. पीठ, कोमट पाणी, तवा तापवा, भाकरी उलटा. संकलक क्षणभर गुरगुरला.

शून्य चुका.

निरगुडकर चष्मा पुसू लागले, आणि सगुणाताईंना कळलं की माणूस काहीतरी लपवतोय. विचारावंसुद्धा लागलं नाही, तेच सांगू लागले. गेल्या महिन्यात नव्या संकलकाचं उद्घाटन झालं होतं. अकरा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त, मंत्री, गुरुजी, हार, पेढे. सगुणाताई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. नव्या संकलकाने मुहूर्तावर स्वतःचीच संहिता, म्हणजे ज्या आज्ञांनी तो घडला त्या, स्वतः उतरवायची होती. सगळ्यांसमोर तो मध्येच अडला आणि पडद्यावर ‘प्राणघाती’ असा शब्द आला तर केवढा अपशकुन! म्हणून निरगुडकरांनी त्याला एका तासापुरतं सांगून ठेवलं होतं : जे कळणार नाही ते सोडून पुढे जा, अडू नकोस.

“तासाभराने मी तो नियम काढून टाकला, सगुणाताई. देवाशपथ.”

“काढून टाकायची आज्ञा तुम्ही लिहिलीत. ती उतरवली कुणी?”

निरगुडकरांनी संकलकाच्या पडद्याकडे पाहिलं.

“त्यानेच ना? तो तर तोवर न कळलेलं सोडून देणारा झाला होता. ‘पुन्हा अडायला शिक’ ही आज्ञा त्याच्या नव्या स्वभावात बसेना, तेव्हा तीही त्याने सोडून दिली आणि तुम्हाला सांगितलं, सगळं ठीक आहे. चोरालाच पंचनामा लिहायला बसवलंत. आता त्यात काहीही दुरुस्त करायला जा, दुरुस्ती त्याच्याच दारातून आत जाणार.”

जुना संकलक आणा, कुणीतरी म्हणालं. निरगुडकरांनी मान खाली घातली. नवी मूर्ती बसवल्यावर जुनी ठेवत नाहीत. जुन्याच्या सगळ्या प्रती त्यांनी त्याच दिवशी पुसल्या होत्या. विसर्जनाचा फोटोसुद्धा काढला होता. अन् महिन्याभरात टिटवीला पाठवलेली प्रत्येक गोष्ट नव्या संकलकातून गेलेली, अगदी यानाची आज्ञा घेणारी यंत्रणासुद्धा. तेव्हा इथून काहीही पाठवलं तरी यान म्हणणार, मिळालं, शून्य चुका.

“मग तिला हाताने उतरवू,” सगुणाताई म्हणाल्या.

यानात हाताने चालवायचा एक जुन्या पद्धतीचा फळा होता, संकटासाठी ठेवलेला. त्यावरच्या कळा तारांनी थेट इंजिनाला जोडलेल्या होत्या, मध्ये संकलक नव्हता. सगुणाताईंनी अर्ध्या तासात बावीस वाक्यं कागदावर उतरवली. इरावतीने ती आधी ऐकायची, लिहून घ्यायची, आणि वेळ आली की एकेक करायची.

आवाज खरखरत येत होता. सगुणाताई वाक्य सांगत, वरून उत्तर येई, “हो, आई.” दुसरं वाक्य. “हो, आई.” नववं, दहावं, सतरावं. निरगुडकरांचा चेहरा सैल होत गेला. सगुणाताईंचा आवळत गेला. पोरीने आयुष्यात यान चालवलं नव्हतं. बावीसच्या बावीस कशी कळली?

“तेविसावं,” त्या म्हणाल्या. “फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातली हिरवी कळ दाबायची.”

फळ्यावर हिरवी कळ नव्हतीच.

“हो, आई.”

सगुणाताईंनी कागद खाली ठेवला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी इरावतीने चारचौघांत विचारलं होतं, हे असंच का करायचं. तेव्हा त्यांनीच तिला सुनावलं होतं, कळत नसेल तर गप्प राहून मोठ्यांचं ऐकावं. चौदा वर्षांत ती एकदाही अडली नव्हती. नातेवाइकांत सगुणाताई मिरवत आल्या होत्या, माझी सून कशी, पाण्यासारखी. निरगुडकरांनी एका तासात जे केलं, ते त्यांनी चौदा वर्षं घरात बसून केलं होतं.

“इरावती, हिरवी कळ आहे का तिथे?”



“नाही, आई.”

“मग हो का म्हणालीस?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“मी चुकीचं सांगितलं. मुद्दाम.” सगुणाताईंना पुढचं वाक्य जड गेलं. एवढ्या लोकांसमोर तर फारच. “माझी आज्ञा समजून ऐकू नकोस. माझा कागद हा कुणा मूर्ख बाईचा आहे असं समज आणि त्यातल्या चुका काढ. जिथे कळणार नाही तिथे मला अडव. तू अडली नाहीस, तर तू घरी येणार नाहीस.”

एक तास चाळीस मिनिटं उरली होती. निरगुडकर काही बोलायला गेले. सगुणाताईंनी हातानेच त्यांना गप्प केलं. वर कागदाची सळसळ झाली.

“आई,” इरावतीचा आवाज आला, आणि त्यात भीती होती, पण यानाची नव्हे. “सतरावं चुकलंय. तुम्ही आधी इंजिन पेटवायला सांगताय आणि अठराव्यात यान उलटं फिरवायला. माझं तोंड अजून पृथ्वीकडे आहे. असं पेटवलं तर वेग मोडणार नाही, वाढेल.”

सगुणाताईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. वाक्यं खरंच उलटसुलट पडली होती. त्यांच्याच हाताने, त्यांच्याच अक्षरात. मघाशी सतराव्याला “हो, आई” आलं होतं.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. “आणखी?”

“आणखी सहा आहेत,” इरावती म्हणाली, आणि आता तिचा आवाज थोडा चढला होता. “आणि तुम्ही फार भरभर सांगता. चौथ्यापासून पुन्हा सांगा, सावकाश.”

सगुणाताई खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या.