सहा देवांच्या घरातला विळा

इंद्रावतीकाठच्या गावांत हिवतापावर औषध चालेनासं झालं, त्याला बत्तीस वर्षं झाली होती. आता तारणारा होता तो विळाच. विळा म्हणजे आईबापांकडून येणारं एक बिघडलेलं जनुक. ते एकाच बाजूने आलं, तर ताप येऊन जातो, माणूस राहतं. दोन्ही बाजूंनी आलं, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात आणि लेकरू सांधे धरून रडत मोठं होतं, झालं तर.

म्हणून गायत्यांनी, म्हणजे गावच्या पुजाऱ्यांनी, तोड काढली. सात देव पुजणाऱ्या घरांची सोयरीक सहा देवांच्या घरांशीच होते, आपसांत नाही. तेव्हा सात देवांनी विळा राखावा, सहा देवांनी तो गर्भातच पुसून घ्यावा. दोन विळे एका चुलीशी येणारच नाहीत.

जानो सात देवांची लेक, सहा देवांच्या घरात दिलेली. तिला तिसरा महिना होता. दवाखान्याच्या पडद्यावर बाळाच्या पेशी संथ पाण्यात मोहफुलं वाहावीत तशा तरंगत होत्या. बघता बघता तिला वाटलं, आपणही त्यांच्याबरोबर वाहत चाललोय.

डॉक्टर मृणाल वासेकर हळूच म्हणाल्या की बाळात तिचा विळा उतरलाय, आजच पुसायला हवा. जानोला थोरला लालसू आठवला. त्याचा विळा तिने पुसून घेतला होता. मायलेक एकाच तापाने एकाच खाटेवर पडले. उठली ती एकटीच.

"नाही पुसला तर?"

"हे मोठं होऊन सात देवांच्या घरी सोयरीक करील. तिथेही विळा. मग चारांतलं एखादं दोन विळे घेऊन जन्मेल."

"त्याचा तेव्हा पुसा की, बाई."

"पुसायला शेजारी एक चांगलं जनुक लागतं, कित्त्यासारखं. दोन्ही वाकडी असली तर यंत्र गिरवणार काय?"

 जानो म्हणाली, "पुसला म्हणून नुसतं लिहा."

डॉक्टरांनी वाद न घालता लिहिलं. जानोला नवल वाटलं. तेव्हा खाली बघतच त्या म्हणाल्या, "यंदा सहा देवांच्या एकाही बाईने पुसून घेतला नाही, जानो."

बाहेर तिच्या सात देवांच्या माहेरची भावजय तान्ह्या कोसाला घेऊन बसली होती. भाची मामाच्या घरी सून म्हणून द्यायची, हा तिथला रिवाज. भावजय हसत म्हणाली, "लेक झाली तर माझ्या कोसाला. आताच सांगून ठेवते."

नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं.

"तुझ्याच घरी देईन," जानो म्हणाली आणि तिने कोसाला मांडीवर घेतलं.