स्थिर पाण्यातला पंप

तुम्ही हसाल, पण मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. प्रयोगशाळेत मला सगळे 'आंधळे मास्तर' म्हणायचे, कारण मी आंधळ्या मोटरी चालवतो. हृदयाला मदत करणारा पंप असतो ना, त्यात अंगठ्याएवढी मोटर असते आणि तिच्या आत चुंबक फिरतो. तो या क्षणी कुठे आहे हे सांगणारा सेन्सर बसवायला आत जागाच नसते. चुंबक फिरला की तारांमध्ये थोडी वीज उमटते, तिच्यावरून माझा प्रोग्राम त्याची जागा ताडतो. चुंबक थांबलेला असला की मात्र काही म्हणजे काही कळत नाही. मग आधी विजेचा झटका देऊन त्याला ठरलेल्या जागी ओढायचं आणि तिथून फिरवायला लागायचं. एवढंच काय ते माझं काम.

त्या दुपारी परत आलेला एक पंप तपासायचा होता. ज्या गृहस्थांच्या छातीत तो होता ते पंधरा दिवसांपूर्वी गेले. बॅटरी बदलताना पंप थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. त्यांच्या पत्नीचा रोज फोन यायचा. "साहेब, चूक कुणाची तेवढं सांगा. मला भांडायचं नाही." मी गुळमुळीत काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच पंप माझ्या ताईला बसवणार होते. पंप नसेल तर ती चार दिवससुद्धा काढणार नाही, असं सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आई गेल्यावर मला ताईनंच वाढवलं. पंप निर्दोष निघावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. खरं सांगतो, अहवाल मी आधीच लिहून ठेवला होता.

तारांमधली वीज मोजणाऱ्या पडद्यावरची रेघ नीट दिसावी म्हणून त्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला असे. दुपारी दोनलाही आत मिट्ट काळोख. मी काचेच्या टाकीत मिठाचं कोमट पाणी भरलं, पंप आत सोडला, बटण दाबलं. छान गुणगुणायला लागला. बंद केला, पुन्हा चालू केला. असं वीस वेळा केलं, एकदाही अडखळला नाही. माझा जीव भांड्यात पडला. सहीसाठी पेन उघडलं आणि उगाच एकविसाव्यांदा बटण दाबलं.

पंप नुसता थरथरला. तीन झटके, आणि बंद. पडद्यावर माझ्या प्रोग्राममध्ये कुठेच नसलेली अक्षरं उमटली: चुंबक आधीच फिरत आहे.

अहो, कसा फिरेल? टाकीतलं पाणी तर गोठल्यासारखं स्थिर होतं. मी वीज देणाऱ्या तारा उपटून काढल्या. आता पंपाला नुसता मोजायचा पडदा जोडलेला होता, त्यावर सपाट रेघ यायला हवी होती. रेघ उसळली. बसली. पुन्हा उसळली. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला बावन्न. खोलीत गंजलेल्या लोखंडाचा ओलसर वास भरत चालला होता. मी टाकीला कान लावला. आत कुणीतरी पाणी ढकलत होतं. हळू... दमून... पण न थांबता.

"कोण... कोण आहे?"

रेघ क्षणभर थांबली. मग जोरात धावायला लागली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सगळ्या चाचण्या स्थिर पाण्यात केल्या होत्या! पण पंप बंद पडला तरी माणसाचं दुबळं हृदय रक्त ढकलतच राहतं, चुंबक फिरतच राहतो, आणि माझा शहाणा प्रोग्राम तो थांबलाय असं धरून झटके देत बसतो, फिरता चुंबक काही जागेवर येत नाही. ते गृहस्थ माझ्या चुकीनं गेले होते.

मी सर्जनना फोन लावला. "डॉक्टर, उद्या तो पंप बसवू नका. चूक आहे त्यात... माझी चूक आहे."

"दुसरा पंप मागवायला आठवडा लागेल. कळतंय ना तुम्हाला, काय म्हणताय ते?"

मागे टाकीत पाणी धापा टाकत होतं. मी डोळे मिटले. "थांबवा," म्हणालो.

शब्द तोंडातून निघाला आणि रेघ सपाट झाली. मला वाटलं, सुटला बिचारा. मी लहान मुलासारखा रडलो. मग त्या बाईंना फोन करून सगळं कबूल केलं. ताईचा विषय मात्र काढला नाही, तो त्यांच्यापाशी कशाला काढायचा? बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी ताईकडे दवाखान्यात निघालो होतो, पायात बूट चढवत होतो, तेवढ्यात बाईंचाच फोन आला. आवाज अगदी शांत.

"साहेब, एक निरोप होता. आत्ता हे येऊन गेले."

"कोण... येऊन गेलं?"

"हेच हो. म्हणाले, त्या साहेबांचे आभार मान. तिकडे फार एकटं वाटत होतं, आता त्यांच्या ताईंची सोबत झाली."

मी दवाखान्याचा नंबर लावला. ताईच्या खोलीतला फोन वाजत राहिला.