टोपीपर्यंत गेलेला हात

एप्रिलचा शेवटचा रविवार होता, आणि स्वित्झर्लंडमधल्या अपेन्झेलच्या चौकात पाऊस पाडावा की बर्फ, हे आभाळाला ठरवता येत नव्हतं. दोरानं आखलेल्या मतदानाच्या रिंगणात शिरायच्या घाईत एमिल फुस्टरची तलवार प्रिस्काच्या छत्रीत अडकली आणि छत्री टर्रकन फाटली.

“अहो, थांबा... हलू नका,” प्रिस्का म्हणाली. “आम्हा बायकांना आत घेत नाहीत ते नाहीतच, बाहेर कोरडंही राहू देत नाहीत.”

एमिल कानापर्यंत लाल झाला. तलवार आजोबांची होती. पुरुषाच्या कमरेला ती दिसली की त्याला रिंगणात सोडायचे, मताचं ओळखपत्र तेच. लढाई तिनं तीन पिढ्यांत पाहिली नव्हती, आणि आज पहिला वार केला तो बेकरीतल्या मुलीच्या छत्रीवर.

“मी... नवी आणून देतो.”

“छत्रीचं राहू द्या. मला एक सांगा. अख्ख्या देशाच्या निवडणुकीत मी मत देते. पण आपल्या ह्या टीचभर प्रांतातला रस्ता कुठून जावा, हे कळायची अक्कल मला नाही म्हणतात. असं कसं हो?”

“मला विचारलंत तर —”

“विचारणारच आहेत तुम्हाला. अर्ध्या तासात.”

तो हसला. तिच्या भुवईवर बर्फाचा एक कण वितळत होता आणि त्याच्याकडे बघता बघता गडी भलतंच बोलून गेला. “बायकांच्या मताचा ठराव आला ना, की तुमच्या वाटचा हात मी वर करतो. शब्द देतो.”

“बघते हं,” प्रिस्का म्हणाली. “इथून सगळं दिसतं.”

दिसायचं खरंच. इथे पेटी नाही, चिठ्ठी नाही. चौकात उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत हात उंचावायचा. शेकडो वर्षं असंच चालत आलेलं. शेजारी बघतो, सासरा बघतो, आणि बाप तर खेटूनच उभा असतो. एमिलचा बाप आल्फोन्स, नासपतीच्या बागेचा मालक, तोंडात पाइप धरून त्याच्या डाव्या हाताला उभा होता.

“ज्यांना मान्य आहे त्यांनी...” प्रांताच्या प्रमुखांनी पुकारलं.

एमिलचा हात निघाला. खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. तेवढ्यात आल्फोन्सनं नुसतं तिरकं पाहिलं. हात टोपीला लागला, टोपी सारखी केली आणि खाली गेला.

‘अमान्य’ला मात्र हातांचं रान माजलं. ठराव पडला. बायका घरी सूप चढवायला निघाल्या. एमिल मान खाली घालून दोराशी आला, तेव्हा प्रिस्का एवढंच म्हणाली, “टोपी छान बसलीय आता.”

कुणी म्हणेल, संपलं. पण एमिल होता चिवट. पुढच्या शनिवारी नवी छत्री घेऊन बेकरीत हजर, त्याच्या पुढच्या शनिवारी पावासाठी, आणि मग बदामाचं सारण भरलेल्या मधाच्या बीबर केकसाठी, तो त्याला आवडत नसतानाही. प्रिस्का रोज ठरवायची, ह्याच्याशी कामापुरतं बोलायचं. आणि शनिवार आला की सगळ्यात खरपूस बीबर त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. उन्हाळ्यात ‘अहो’चं ‘अरे’ झालं. गवत कापणीच्या दिवसांत तो उन्हानं रापून यायचा, दारात घोटाळायचा, आणि ती सुट्टे पैसे उगाच दोनदा मोजायची. प्रेम झालं होतं, पुरतं झालं होतं, आणि त्यात ती टोपी आडवी येत होती.

नोव्हेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बायकांनाही रिंगणात घेतलंच पाहिजे. एमिल बर्फानं माखलेल्या बुटांनीच आत धावत आला.

“ऐकलंस? मिळालं तुम्हाला. आता तर... आता तर काही अडचण नाही ना?”

“कोर्टानं दिलं,” प्रिस्का म्हणाली. “तू नाही दिलंस.”

त्यानं बुटांवरचा बर्फ झटकला. मग हळूच म्हणाला, “पेटी असती ना, गुपचूप चिठ्ठी टाकायची असती, तर मी नक्की ‘हो’ टाकलं असतं.”

“माहीत आहे रे. म्हणून तर जास्त राग येतो. मला गुपचूप आवडणारा नवरा नको. माझ्यासमोर माझा आणि बापासमोर बापाचा... असल्या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा?”

“मग मी काय करू?”

“मला काय विचारतोस? हात तुझा आहे.” असं म्हणून ती भट्टीकडे वळली, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

पुढच्या एप्रिलात बायका हातात मतदानाचं कार्ड घेऊन दोराच्या आत आल्या. काही म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली, काहींनी बायकोसाठी सरकून जागा केली. वरच्या वस्त्यांपर्यंत शाळेची गाडी जावी म्हणून रस्ता रुंद करायचा ठराव निघाला. त्यात आल्फोन्सची अकरा नासपतीची झाडं जाणार होती. म्हातारा चौथऱ्यावर चढून तावातावानं बोलला आणि टाळ्या घेऊन उतरला. रिंगणात कुणालाही बोलता येतं. प्रिस्का चढली.

“मी वरच्या वस्तीवरची,” ती म्हणाली. “सहा वर्षं गुडघाभर बर्फातून शाळेत उतरले. फुस्टरकाकांची नासपती किती गोड आहे ते मला ठाऊक आहे, येताजाता चोरून खाल्लीय. तरी सांगते, झाडं पुन्हा लावता येतात. चौथीत शाळा सोडलेली पोर पुन्हा चौथीत बसत नाही.”

थोडा हशा पिकला. ती खाली उतरून नेमकी फुस्टर बापलेकांच्या मागे उभी राहिली. दुसरीकडे जागाच नव्हती, असं ती पुढे सांगायची.

“ज्यांना मान्य आहे...”

तिनं आयुष्यात पहिल्यांदा मतासाठी हात उंचावला, आणि समोर पाहिलं. एमिलनं टोपी काढून डाव्या हातात धरली होती. उजवा हात कोपरात न वाकता सरळ आभाळात गेला होता.

मग विरोधातले हात आले. प्रमुखांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. अंदाज येत नाही, पुन्हा हात करा. आता मात्र कठीण होतं, कारण पहिल्या वेळी कुणी काय केलं ते सगळ्यांना दिसलं होतं.

“खाली राहू दे,” आल्फोन्स पुटपुटला.

“नाही, बाबा,” एमिल म्हणाला. आवाज कापत होता, हात नव्हता.

ह्या वेळी आधी न उठलेले बायकांचे हात उठले, वरच्या वस्त्यांवरच्या पुरुषांचेही उठले. ठराव पास झाला. चौकात असा गलका उठला की प्रिस्काला स्वतःचं हसूही ऐकू येईना.

आल्फोन्सनं पाइप तोंडातून काढला. “गेल्या वर्षीही निघाला होता तुझा हात,” तो मुलाला म्हणाला. “पाहिला मी. तेव्हापासून मनात होतं, अर्ध्यावरून परतणारा हा पोरगा बाग काय राखणार. आता झाडं गेली, पण पोरगा बरा निघाला.” मग तो प्रिस्काकडे वळला. “आणि काय गं, किती नासपती चोरल्यास?”

“मोजल्या नाहीत, काका.”

एमिलनं घसा साफ केला. “प्रिस्का... घरी जाताना कॉफी —”

“वर्षभर वाट पाहिली ती कॉफीसाठी?”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. हजारो माणसं, तलवारी, कार्डं, सगळी ओळखीची तोंडं. मोठा श्वास घेतला आणि चौथऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील?”

आजूबाजूच्या माना वळल्या. ह्या घडीसाठी प्रिस्कानं हिवाळाभर एक झणझणीत टोमणा घोटून ठेवला होता. तो ऐन वेळी आठवेना.

“करीन,” ती म्हणाली, तेवढ्याच मोठ्यानं.

आल्फोन्सनं मागे वळून गर्दीवर नजर फिरवली. “विरोधात कोण आहे?” त्यानं खड्या आवाजात विचारलं.

चौकात एकही हात वर आला नाही.