ट्रंकेतला ओला झगा

माझ्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. कुणी नको ते खरं बोललं की तो घड्याळ बघतो.

लहान होता तेव्हाही असाच. आता नाटक कंपनीचा मालक झाला तरी तेच. परवा मी त्याला म्हटलं, "अरे, तुझी बायको वाळत चाललीय." त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आई, तिकीटबारी उघडायची वेळ झाली."

म्हणून इथे लिहितेय. पोटचा ऐकत नाही, निदान परकी माणसं तरी ऐकतील.

हे घडलेलं आहे. मी शाळेत जेमतेम गेले, रचून सांगायची अक्कल मला नाही. पण डोळे शाबूत आहेत, आणि दिसलेलं नाही म्हणायची सवय मला कधीच नव्हती.

आमचं संगीत नाटक माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालू आहे. गोष्ट लोकांना तोंडपाठ. कोण दगा देणार, कोण मरणार, सगळं ठाऊक. तरी येतात. जी पोर आजीच्या मांडीवर बसून आली होती, ती आज स्वतःच्या नातीला घेऊन येते. एवढं काय आहे त्या नाटकात, म्हणून पेपरवाले बरंच खरडून गेले. मला कुणी विचारलं नाही. एका दमात सांगितलं असतं.

तिसऱ्या अंकातलं नायिकेचं गाणं. त्याला वन्स मोअर द्यायचा नाही.

लोक ओरडू देत, पाय आपटू देत. गाणं संपलं की पडदा. ताटावरून अर्धपोटी उठवलेला माणूस परत येणारच.

पण सासऱ्यांनी हा नियम धंद्यासाठी घातला नव्हता.

पहिली नायिका म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. एका प्रयोगाला त्यांना सणकून ताप होता. गाणं संपलं, लोकांनी वन्स मोअरचा धोशा लावला. त्या विंगेत आल्या, म्हणाल्या, "आता नाही व्हायचं माझ्याच्याने." सासऱ्यांनी त्यांना परत ढकललं.

त्या गायल्या. शेवटच्या सुरावर तिथेच कोसळल्या, त्या परत उठल्याच नाहीत.

लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. टाळ्या थांबेनात.

त्यांच्या अंगावरचा हिरवा झगा मी उतरवला. घामाने चिंब होता. धुतला, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला, तो पुन्हा कुणाला दिला नाही. पुढच्या नायिकांना त्याच रंगाचे नवे शिवले.

कपडेपट तेव्हापासून माझ्याकडे आहे. कोण किती गायलं ते मला कानांनी कळत नाही, काखेवरून कळतं. जीव ओतून गाणारीचा झगा पिळावा लागतो. अंगचोर गाणारीचा नुसता झटकला तरी पुरतो.

आताची नायिका माझी सून. थोरल्याची बायको. तिचा झगा पिळता पिळता माझी मनगटं दुखायची. घरीसुद्धा तोंड बंद नाही. भांडी घासताना गाणं, केस विंचरताना गाणं. मी म्हणायची, "अगं, एखादा सूर उद्याला ठेव." ती हसायची आणि आणखी वर लावायची.

मग थोरल्याच्या डोक्यात आलं, आता वन्स मोअर द्यायचा. मला न विचारता जाहिरातही केली.

"आजोबांचा नियम आहे तो," मी म्हटलं.

"आई, आजोबांच्या वेळी कंदील होते."

"माणसंही होती."

त्याने घड्याळ बघितलं.

उन्हाळ्यातला रविवार. दुपारचा प्रयोग, आमचं नेहमीचं नाट्यगृह. बाहेर रणरणतं ऊन, आत मुंगीला जागा नाही.

गाणं संपलं. सून धावत विंगेत आली आणि पाठ फिरवून उभी राहिली. रोजचीच सवय. इथे हिरवा उतरवायचा, शेवटच्या प्रवेशाचा पांढरा चढवायचा. माझी बोटंही सवयीने चालली. हूक काढले, झगा खाली ओढला.

बाहेर वन्स मोअरचा गजर झाला, तेव्हा कुठे दोघींना आठवलं.

"आई, मला परत जायचंय," ती म्हणाली. झगा पायांत, अंगावर परकर.

मी झगा उचलायला वाकले. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला.

आणि मग...

रंगमंचावर गाणं सुरू झालं.

सुनेने माझा हात घट्ट धरला. तिचे ओठ मिटलेले होते.

"आई... कोण गातंय?"

पडदेवाला पुढे उभा होता. त्याला सगळे डुलक्या म्हणतात, कारण दोरी हातात घेऊन झोपणारा तो एकटाच. त्या दिवशी मात्र टक्क जागा. मागे न बघताच डोळे पुसत म्हणाला, "वहिनी काय गातायत हो, काकू."

वहिनी माझ्या शेजारी परकरावर उभी होती.

मी वाकले. विंगेच्या फटीतून एवढंच दिसलं...

हिरव्या झग्याची कड. तिची तुरपाई तिरकी गेलेली.

नवी नवरी असताना ती तुरपाई मीच घातली होती. जाऊबाई हसल्या होत्या तिला.

गाणं संपलं. थोरला नाचतच आत आला. "काय गायलीस! अशी जन्मात गायली नव्हतीस."

"मी गेलेच नाही," सून म्हणाली.

त्याने घड्याळ बघितलं. "पांढरा घाल लवकर, लोक खोळंबलेत."

प्रयोग संपल्यावर मी ट्रंक उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं.

आत हात घातला...

झगा ओला होता. चिंब. आणि कोमट, आताच कुणी अंगावरून काढावा तसा.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला हेच. सून विंगेत येते, माझा हात धरून उभी राहते. बाहेर गाणं होतं. लोक रडत घरी जातात आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतात. मी डुलक्याला म्हटलं, पडदा टाक. तो म्हणाला, "काकू, दोरीला हात लावला होता. पण एवढं गाणं चालू असताना पडदा टाकवत नाही."

आणि घरात गाणं बंद झालं. भांडी मुकाट घासली जाऊ लागली. मी दर प्रयोगाआधी सुनेचा झगा टाचून आत घ्यायची. थोरला म्हणायचा, उन्हाळा बाधलाय. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण याने डोळ्यांवर कातडंच ओढलेलं.

गेल्या रविवारचा प्रयोग तर कहर झाला. पहिल्या अंकापासून सगळी गाणी अशी रंगली की लोक उभे राहिले. नंतर मी सुनेचा झगा पिळायला घेतला.

कोरडा.

सकाळी केलेल्या इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"अगं, आज तू गायलीस ना?"

तिने झग्याची घडी बोटाने चाचपली.

"मला वाटतं... मी विंगेतच होते, आई."

आता मी माझ्या बहिणीच्या घरी आहे. सून समोर बसलीय. उकाड्याने माझा जीव नकोसा झालाय, पंख्याचा वारासुद्धा गरम येतोय.

तिच्या कपाळावर एक थेंब नाही. मी सारखी बघतेय.

निघतानाचं तेवढं सांगते. काल दुपारी मी दोन्ही झगे थोरल्याच्या टेबलावर टाकले. एक कोरडा, एक निथळणारा. पाणी त्याच्या जाहिरातीच्या कागदांवर पसरलं. म्हटलं, "हात लावून बघ."

त्याने हात लावला नाही. म्हणाला, "शनिवारचाही प्रयोग लावतोय. लोक ऐकत नाहीत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून...

गुणगुणणं आलं. तेच गाणं.

थोरल्याचा चेहरा उजळला. "बघ. उगाच घाबरवतेस. गातेय ना ती."

सून माझ्या मागे दारात उभी होती. हातात पिशवी, ओठ मिटलेले. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कान आत लावून बसला होता.

मग त्याने मनगट वर केलं. मी ते धरलं आणि खाली दाबलं.

"घड्याळ नंतर बघ. तुझ्या आजोबांनी एक बाई ढकलली आणि उरलेला जन्म मान खाली घालून काढला. तुला तर ढकलावंही लागलं नाही. ही तुझी बायको, इथे उभी आहे, हिला मी नेतेय. आत जी गातेय ना, तिच्याशी कर आता संसार."