थाळीच्या बुडावरचं नाव

"हलू नकोस गं, सांडेल सगळं!"

निवलेला ॲपल पाय थाळीसकट डोक्याएवढा उंच धरून लेटा उभी होती आणि आई खालून बुडाला नावाची चिकटपट्टी लावत होती. थाळी पत्र्याची, आजीच्या वेळची, सुऱ्यांच्या ओरखड्यांनी भरलेली. चर्चच्या जेवणाला सगळ्यांच्या थाळ्या सारख्याच दिसत, म्हणून बुडाला नाव. शिवाय थाळी रिकामी परत करायची नाही, हा गावचा रिवाज.

"जा, वेंडलला देऊन ये."

"मीच का?"

"गुरांचा डॉक्टर आहे तो. माणसांना चावत नाही."

मक्याच्या शेतापलीकडून वेंडल दरवेळी थाळी परत करताना तिच्यातून काहीतरी आणायचा... अक्रोड, अंडी. त्या शनिवारी कुंपणाशी पाय देताना बोटाला बोट लागलं.

"थाळी रोज परत केली तर चालेल?" त्याने विचारलं.

"आईला विचार!" म्हणत लेटा पळालीच.

सोमवारी आई गेली. झोपेतच.

शेजाऱ्यांनी दुखवट्याला आणलेल्या थाळ्या लेटाने एकेक करून पोचत्या केल्या. आईची तेवढी वेंडलकडे राहिली. ती थाळी परत येईल, याचीच लेटाला धास्ती होती. ती आली की आईचं यायचं काही उरणार नव्हतं. आणि वेंडलला यायला कारणही. दोनदा त्याचा ट्रक फाटकाशी थांबला. दोन्ही वेळा पडद्याआड तिने श्वास रोखून धरला.

तिसऱ्यांदा दार वाजलं.

"लेटा, दाराखालून तुझे बूट दिसतायत."

तिने वीतभर दार उघडलं.

"पायरीवर ठेव आणि जा."

"ॲपल पाय मी स्वतः भाजलाय. जरा करपलाय."

"जरा?"

"बरं, कोळसा झालाय. पण रिकामी कशी आणणार? आणि... बूड बघ."

तिने थाळी हातात घेऊन डोक्याएवढी वर उचलली. पट्टीवर आईचं तिरकं अक्षर होतं. नाव मात्र आईचं नव्हतं. लेटा.

म्हणजे आईला कळलं होतं. दोघांचं सगळंच.

"मला भीती वाटते," लेटा पुटपुटली. "माणूस सकाळी उठेलच, असं नसतं..."

"मलाही वाटते. दोनदा फाटकातूनच परत गेलो." तो टोपी चुरगाळत राहिला. "थाळी पोचली तुझी. आता यायला निमित्त नाही."

तो पायऱ्या उतरला. फाटकाची कडी वाजली. तशी थाळी छातीशी धरून लेटा उंबऱ्याबाहेर आली.

"वेंडल! निमित्ताशिवाय ये. रोज ये... मला तू आवडतोस!"