मागं जाऊन काढलेला बाण

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला तोंडच नव्हतं. नुसती एक हिरवी रेघ. माझ्याच पानावर, माझ्याच वाक्याशेजारी लुकलुकत उभी…

शिवाजी पेठेत, तालमीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही शेअरबाजाराचं सॉफ्टवेअर विकतो. त्यात गिऱ्हाईक स्वतःच्या आज्ञा लिहू शकतं, आणि त्या कशा लिहायच्या याची पुस्तिका मी, श्रुती कांबळे, सुधारत होते. जुनी पुस्तिका वाचणाऱ्याला मूर्ख समजून लिहिलेली. नवी महिनाअखेरच्या शुक्रवारी सहाला प्रसिद्ध करायची होती. ऑनलाइन फाईल दोघांनाच उघडता यायची : मी आणि आमचे मालक, कृष्णात सर. सर त्या दिवशी पुण्याला होते.

मग हा तिसरा कोण?

पान होतं ‘बाण’ या आज्ञेचं. ती दिली की भाव तळाला जाईल तिथं चार्टवर हिरवा बाण उमटतो. इथं घ्या म्हणून. मी लिहिलं होतं, ‘बाण खरेदीची योग्य वेळ दाखवतो.’ समासात शेरा आला.

“हे खोटं हाय.”

“तू कोण?”

“आधी चार्ट उघड. हात मांडीवर ठेव अन् नुसतं बघ.”

अकरा पन्नास झाले होते. खाली तालीम रिकामी. गाळपाचे दिवस, खिडकीतून कारखान्याची काजळी तरंगत येऊन टेबलावर बसत होती, आवाज न करता. चार्टवर सव्वाअकराला एक बाण होता. मी बघत होते… आणि तो पुसला गेला. अकरा पस्तीसवर उगवला. अकरा पस्तीस होऊन तर पंधरा मिनिटं झाली होती! कुणी हात लावला नव्हता. होऊन गेलेली वेळ माझ्या डोळ्यांदेखत बदलली, आणि चार्ट असा शांत, जणू बाण जन्मापासून तिथंच.

“घाबरलीस?”

“न्हाय.”

“मग खिडकी लाव. त्या टेबलावर काजळी लई पडती.”

मी गर्रकन मागं वळले. रिकाम्या खुर्च्या. ‘तुला कसं…’ एवढंच टाईप केलं, तोवर उत्तर हजर.

“दोन वर्षं त्याच टेबलावर होतो. प्रसेनजीत. बाण मीच लिहिला. भाव वर गेल्यावर तो मागं जाऊन काढला जातोय, म्हणून कालचं सगळं शहाणपणाचं दिसतंय. तसा इशारा छापा म्हटलं, तर सर म्हणाले, छापला तर घेणार कोण? सोडली नोकरी. आता गडहिंग्लजला असतो. फाईलमधनं मला काढायचं विसरलेत.”

मग तो रोज यायचा. मी लिहायची, तो चुका काढायचा.

“तुझी वाक्यं कडू हायत.”

“कारलं औषधी असतंय.”

“मग दोन टाइम घेतो… जेवणानंतर.”

मी हसायची, एकटीच. पण एकदा त्यानं भलत्याच गोष्टीला उत्तर दिलं. मी लिहून पुसलेल्या ओळीला.

“पुसतीस ते बी दिसतंय मला,” त्यानं लिहिलं.

अंगावर काटा आला, मग राग. “म्हणजे पाळत ठेवतोस? तोंड लपवून?”

हिरवी रेघ थांबली. विझली.

तीन दिवस पान माझं एकटीचं होतं. त्या रिकाम्या पानाची मला जास्त भीती वाटली.

बाणाच्या पानावर मी त्याचा इशारा टाकला होता. शुक्रवारी सरांचा फोन. “तो इशारा काढ. छापलास तर सोमवारी यायची गरज न्हाय.” मी तो काढला.

साडेपाचला जिना वाजला. दारात एक शिडशिडीत पोरगा, केसांत एसटीची धूळ.

“जयभीम. हे बघ तोंड.” मान खाली घालून म्हणाला, “पाळत चुकलीच माझी. पण खरं सांगू? पहिल्याच दिवशी… आवडलीस.”

“सगळे नंतर असंच म्हणत्यात!” मी उसळले. “आज वाटलेलं उचलायचं अन् पहिल्या दिवसावर नेऊन चिकटवायचं. तुझा बाण बी तेच करतोय की! त्या दिवशीची खूण दाखव.”

त्याचा चेहरा उतरला. “खूण हाय. पण… पुसलीया. फाईलचा इतिहास काढ.”

फाईल प्रत्येक बदल जपते. पुसलेलंसुद्धा, वेळेसकट. तिथं मागं जाऊन कुणालाच काही हलवता येत नाही. मी नऊ डिसेंबर उघडलं. अकरा बेचाळीस, पहिल्या शेऱ्याच्याही आधी. माझं वाक्य : ‘वाचणारा मूर्ख नाही, हे आधी लक्षात घ्या.’ त्याखाली, आडवी रेघ मारलेली एक ओळ.

‘हिला एकदा भेटलं पाहिजे.’

पडद्यावर मेलेलं काहीतरी डोळे उघडून बघतंय असं वाटलं.

“आता तुझी काढू?” तो हळूच म्हणाला. “कालची. दुपारी तीनची.”

मला पाठ होती. ‘ये की… तोंड घेऊन ये.’ लिहिली आणि लगेच पुसली होती.

“मला दिसंल हे ठाऊक असून पुसलीस.”

“मग?”

“मग काय… एसटी धरली.”

पाच पंचावन्न. मी इशारा पुन्हा टाकला. ‘सावधान : हा बाण मागे जाऊन काढला जातो. झालेलं बदलून दाखवतो. यावर विसंबू नका.’ खाली दोघांची नावं.

“नोकरी जाईल, श्रुती.”

“जाऊ दे. नाव राहील की.”

बोट ‘प्रसिद्ध करा’च्या बटणावर ठेवलं. त्यावर त्याचं बोट आलं, काजळीनं काळं झालेलं, गार. आम्ही दाबलं. लगेच फोन वाजायला लागला.

मी इतिहास उघडून पाहिला. शेवटची नोंद, पाच अठ्ठावन्न. आता ती सर हलवू शकणार नव्हते. आम्हीसुद्धा.