रोज कलणारी फळी

हार्डवेअरच्या दुकानात तिनं फळ्या लावायला म्हणून मूठभर स्क्रू मागून घेतले, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "त्यावर फळी काय, कॅलेंडरसुद्धा टिकायचं नाही."

तिनं वळून पाहिलं. कानामागे पेन्सिल, बाहीवर भुसा आणि आगाऊ हसू.

"मग तुम्हीच ठोकून द्या ना!" ती फणकाऱ्यानं म्हणाली आणि पत्ता सांगून मोकळी झाली.

आणि सोमवारी तो सुतार खरंच दारात हजर... बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची!

ती कपडे शिवायची. आत्यानं गाडी विकल्यावर रिकामं झालेलं गॅरेज तिला कापडाच्या गठ्ठ्यांसाठी मिळालं होतं. चार साध्या फळ्या, आठ ब्रॅकेट. काम फार तर दोन दिवसांचं. शनिवारी सुतार वर्षभरासाठी परगावच्या कामावर जाणार होता.

पहिली फळी बसली तशी त्यानं फळीवर सपाटी पाहायची लेव्हल ठेवली. "बघा, बुडबुडा कसा मधोमध आहे." बघायला दोघं एकदमच वाकली, कपाळाला कपाळ लागलं. बुडबुडा तिनं पाहिलाच नाही.

मंगळवारी सकाळी तिनं शटर उघडलं, तर फळी बोटभर कललेली. उजव्या ब्रॅकेटचे स्क्रू तीन-तीन आटे सैल. कुलूप रात्री तिनंच लावलेलं, किल्ली एकच, तीही तिच्याच गळ्यात. तिनं घाबरून शटर अर्धं खाली ओढलं. मग वाटलं, सुतारानंच मुद्दाम सैल ठेवले असतील... पुन्हा यायला मिळावं म्हणून! भीती कुठल्या कुठे पळाली.

"अहो, कलली की तुमची फळी!"

"लाकूडच ते. हट्ट करतं कधीकधी," तो म्हणाला आणि गालात हसला.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी दोन फळ्या. स्क्रूच्या माथ्यावर ओरखडा नाही, जमिनीवरच्या भुशात पाऊल नाही. गॅरेजला खिडकी नव्हती, तरी आत शिरलं की भर सकाळी मानेवर गार फुंकर आल्यासारखं व्हायचं. ती मात्र त्याला रोज नुसतं 'कलली' एवढंच सांगायची. चोराला हटकलं तर चोर यायचाच बंद होईल ना!

शुक्रवारी संध्याकाळी चारही फळ्या सरळ झाल्या. तो हत्यारं पिशवीत भरायला लागला, तसा तिचा धीर सुटला.

"पुरे झालं नाटक. स्क्रू तुम्हीच सैल ठेवत होतात. का — ते तरी सांगून जा."

तो चमकला. "मी? मला वाटलं, तुम्ही... किल्ली तुमच्याकडे. मी तर रोज मनात म्हणायचो, आजही कललेली असू दे."

"मी नाही हो! शप्पथ!"

"मीही नाही..."

वर काहीतरी करकरलं. दोघांनी एकदमच वर पाहिलं. वरच्या ब्रॅकेटचा स्क्रू सावकाश फिरत होता. एक आटा... आणि थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

तिनं त्याचा हात गच्च धरला. आत्ता नाही तर कधीच नाही. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू हवा आहेस. फळ्या राहोत नाहीतर पडोत."

"नाही जात," तो तिला दाराकडे ओढत म्हणाला. "दुकानात पाहिलं तेव्हाच अडकलो मी. पण आधी बाहेर चल, बाई!"

दोघं धडपडत बाहेर आली. त्यानं शटर ओढलं, तिनं कसंबसं कुलूप लावलं. तिला रडूही येत होतं आणि हसूही. हात मात्र कुणीच सोडला नाही.

मग दोघांनी हळूच शटरला कान लावला. आत कुणीतरी सावकाश, मन लावून, एकेक स्क्रू घट्ट करत होतं.